सहीच्या अलीकडे आणि पलीकडे: अभियंत्यांसाठी व्यावसायिक आचरणाचे मार्गदर्शन

लोकांची सुरक्षितता, आरोग्य आणि हित यांना सर्वांत वरचे स्थान द्यावे, असे अभियंत्यांच्या बहुतेक आचारसंहितांमध्ये अगदी सुरुवातीलाच सांगितलेले असते. हे वाक्य पाठ असलेले अभियंतेही अडचणीत सापडतात, कारण टेबलावर ड्रॉइंगचा गठ्ठा पडलेला असताना आणि फोनवर ग्राहक घाई करत असताना नेमके काय करायचे, हे त्या वाक्यातून कळत नाही. त्या क्षणी समोर असते ती सहीची रिकामी चौकट. म्हणून या लेखात आचारसंहितेची कलमे एकेक करून समजावण्याऐवजी त्या चौकटीपासूनच सुरुवात केली आहे. सही करण्यापूर्वी काय तपासावे, नाकारायची असेल तर ती कशी नाकारावी, आणि सही केल्यानंतर चूक लक्षात आली तर काय करावे, असा लेखाचा क्रम आहे.

पहिली पायरी: आपल्या सहीचा अर्थ ठरवून घ्या

ड्रॉइंगच्या कोपऱ्यात साधारणपणे 'तयार केले', 'तपासले' आणि 'मंजूर' असे तीन रकाने असतात. तिन्ही रकाने भरलेले असूनही कामाकडे कोणीच नीट पाहिलेले नाही, असे घडू शकते. तयार करणारा म्हणतो की पुढे तपासणी आहेच. तपासणारा म्हणतो की करणारा अनुभवी आहे. आणि मंजुरी देणारा म्हणतो की दोघांनी पाहिले आहे तर मी पुन्हा कशाला पाहू. तेव्हा आपल्या कार्यालयात 'तपासले' या शब्दाचा अर्थ काय, हे आधी लेखी ठरवून घ्यावे. आकडेमोड स्वतंत्रपणे पुन्हा केली, की फक्त वाचली? सर्व पाने पाहिली, की निवडक? कामाचा काही भागच पाहिला असेल, तर सहीशेजारी तसे स्पष्ट लिहावे: 'केवळ पाया आणि स्तंभ तपासले, पोलादी जोडण्या तपासलेल्या नाहीत.' अशी मर्यादा लिहिण्यात कमीपणा वाटण्याचे कारण नाही. तिच्यामुळे पुढच्या माणसाला मोकळी राहिलेली जागा दिसते, आणि अपघात बहुधा अशा मोकळ्या जागेतच होतात.

दुसरी पायरी: 'किरकोळ' बदल सर्वांत आधी पाहा

मूळ रचनेवर सर्वांचे लक्ष असते. काम सुरू झाल्यावर मधेच आलेल्या बदलावर तेवढे नसते. १७ जुलै १९८१ रोजी अमेरिकेतील कॅन्सस सिटी येथील हयात रीजन्सी हॉटेलातील दोन झुलते पादचारी पूल कोसळून ११४ माणसे मृत्युमुखी पडली, त्या घटनेचे मूळ अशाच एका बदलात होते. चौथ्या मजल्याचा पूल आणि त्याच्या बरोबर खाली असलेला दुसऱ्या मजल्याचा पूल हे दोन्ही छतापासून खाली आलेल्या अखंड पोलादी रॉडना अडकवायचे, अशी मूळ कल्पना होती. एवढा लांब आटे पाडलेला रॉड वापरणे गैरसोयीचे असल्याने रॉडचे दोन तुकडे करावेत असे ठरले: वरचा तुकडा छतापासून चौथ्या मजल्याच्या तुळईपर्यंत, आणि खालचा त्याच तुळईपासून दुसऱ्या मजल्याच्या पुलापर्यंत. कागदावर फरक काही सेंटिमीटरचा दिसतो. प्रत्यक्षात दोन माणसे एकाच दोरीला आपापल्या हातांनी लटकली आहेत, की खालचा वरच्याच्या पायांना लटकला आहे, एवढा तो फरक आहे. वरच्या तुळईखालच्या नटवर आता दोन्ही पुलांचा भार आला. चौकशीत असे आढळले की मूळ रचनाच नियमानुसार आवश्यक असलेल्या क्षमतेच्या सुमारे ६० टक्के भार पेलू शकणारी होती, आणि बदलानंतर ती क्षमता सुमारे ३० टक्क्यांवर आली. या जोडणीची आकडेमोड कोणी करायची याबद्दल रचना करणारे अभियंते आणि पोलादी भाग बनवणारी कंपनी यांची समजूत वेगळी होती, त्यामुळे ती कोणीच केली नाही. शॉप ड्रॉइंगवर, म्हणजे भाग बनवणाऱ्या कंपनीच्या तपशीलवार ड्रॉइंगवर, मात्र मंजुरीचा शिक्का होता. जबाबदार अभियंत्यांचे परवाने पुढे रद्द झाले.

बदलाची विनंती आली की पुढील गोष्टी कराव्यात. भार कोठून निघून कोठे जातो याचे रेखाटन कोऱ्या कागदावर हाताने नव्याने काढावे. जुन्या ड्रॉइंगवर खाडाखोड करून हा बदल पाहू नये, कारण डोळा जुनीच वाट धरतो. बदल का हवा आहे हे लेखी मागावे. 'सोयीसाठी' हे उत्तरही चालेल, पण ते नोंदलेले असावे. बदललेल्या प्रत्येक जोडणीपुढे ती तपासणाऱ्या व्यक्तीचे नाव लिहावे, आणि नाव लिहिता येत नसेल तर मंजुरी देऊ नये. फोनवर झालेली संमती त्याच दिवशी ईमेलने पक्की करावी: 'आज आपल्याशी झालेल्या बोलण्यानुसार मी अमुक मान्य केले आहे, अमुक मान्य केलेले नाही.' शेवटी, एका बदलाने आणखी काय बदलते हे विचारावे. कॅनडातील क्वेबेक पुलाचा मधला गाळा १,६०० फुटांवरून १,८०० फुटांपर्यंत वाढवला गेला, परंतु वाढलेल्या गाळ्यानुसार पुलाच्या स्वतःच्या वजनाची आकडेमोड वेळेत पुन्हा झाली नाही. तो पूल २९ ऑगस्ट १९०७ रोजी बांधकाम चालू असतानाच कोसळला आणि ७५ कामगार दगावले.

सॉफ्टवेअरच्या कामालाही हे तंतोतंत लागू पडते. कर्करोगावरील किरणोपचारासाठी बनवलेल्या थेरॅक-२५ या यंत्रात आधीच्या मॉडेलमधील स्वतंत्र यांत्रिक अटकाव काढून सुरक्षिततेची भिस्त सॉफ्टवेअरवर ठेवण्यात आली. १९८५ ते १९८७ या काळात किमान सहा रुग्णांना प्रचंड प्रमाणात अतिरिक्त किरणोत्सर्ग मिळाला. जुन्या यंत्रातही तशाच स्वरूपाचा दोष होता, पण यांत्रिक अटकाव तो झाकून टाकत असे. जुना कोड 'इतकी वर्षे चालला' म्हणून नव्या यंत्रात घालताना, तो कोणाच्या आधाराने चालत होता हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

तिसरी पायरी: आपला आवाका सांगा

ज्या विषयाचे शिक्षण किंवा अनुभव नाही, त्या विषयाच्या कामावर सही करू नये. हा नियम सर्वांना मान्य असतो. तो मोडतो तो सीमेवरच्या कामात, म्हणजे इमारतींचा अभियंता एखादा छोटा पूल 'करून देतो' तेव्हा. अशा वेळी काम नाकारणे हा एकच मार्ग नसतो. तेवढ्या भागासाठी जाणकाराची नेमणूक सुचवावी आणि त्या भागावर सही त्याची असावी.

चौथी पायरी: आकडे जसे आले तसे ठेवा

खोटा अहवाल लिहायला कोणी एकदम बसत नाही. सुरुवात एखाद्या नापास नमुन्यापासून होते: तो 'नीट घेतला नसावा' म्हणून बाजूला ठेवला जातो. नमुना खरोखर सदोष असू शकतो, पण तो का वगळला हे निकाल पाहण्यापूर्वी ठरलेल्या निकषावर सांगता आले पाहिजे. सर्व निकाल अहवालात द्यावेत, वगळलेले असतील ते कारणासह द्यावेत, आणि दुसऱ्यांदा घेतलेल्या चाचणीपुढे ती दुसरी आहे असे लिहावे. निष्कर्षात 'समाधानकारक' यासारखा मोघम शब्द वापरण्यापेक्षा अपेक्षित आकडा आणि मिळालेला आकडा शेजारी शेजारी ठेवावेत.

चाचणीसाठीच रचना करणे हा याच रोगाचा पुढचा टप्पा आहे. फोक्सवॅगनच्या डिझेल मोटारींचे सॉफ्टवेअर प्रयोगशाळेतील चाचणी ओळखून तेवढ्यापुरते प्रदूषण कमी दाखवत असे, हे २०१५ मध्ये उघड झाले. प्रत्यक्ष रस्त्यावर काही मोटारी नायट्रोजन ऑक्साइडच्या मर्यादेच्या ४० पटींपर्यंत धूर सोडत होत्या. या प्रकरणात २०१७ मध्ये अमेरिकेतील न्यायालयाने कंपनीच्या एका अभियंत्याला ४० महिन्यांच्या कारावासाची शिक्षा सुनावली. वरिष्ठांची इच्छा होती म्हणून केले, हा बचाव सही करणाऱ्याला वाचवत नाही.

पाचवी पायरी: आक्षेप असा नोंदवा की तो हरवणार नाही

या पायरीवर मी मुद्दाम अधिक थांबणार आहे, कारण शंका येणारे अभियंते पुष्कळ असतात, पण ती शंका निर्णय घेणाऱ्याच्या टेबलावर टिकेल अशा रूपात मांडणारे थोडे असतात.

२७ जानेवारी १९८६ च्या संध्याकाळी चॅलेंजर अवकाशयानाच्या बूस्टर रॉकेटचे उत्पादन करणाऱ्या मॉर्टन थायोकॉल कंपनीचे अभियंते आणि नासाचे अधिकारी यांची दूरध्वनीवर बैठक झाली. रॉकेटच्या सांध्यांतील रबरी ओ-रिंग थंडीत पुरेशा लवचिक राहणार नाहीत, म्हणून ५३ अंश फॅरनहाइटपेक्षा, म्हणजे सुमारे १२ अंश सेल्सिअसपेक्षा, कमी तापमानात उड्डाण करू नये, अशी शिफारस अभियंत्यांनी केली होती. नासाकडून तिला विरोध झाल्यावर कंपनीने स्वतंत्र चर्चेसाठी वेळ मागून घेतला. त्या चर्चेत अभियांत्रिकी विभागाच्या प्रमुखाला अभियंत्याची टोपी काढून व्यवस्थापकाची टोपी घालायला सांगण्यात आले. शिफारस फिरवली गेली. दुसऱ्या दिवशी उड्डाणानंतर ७३ सेकंदांनी यान नष्ट झाले आणि सातही अंतराळवीर मरण पावले. उड्डाणस्थळी कंपनीचे प्रतिनिधी असलेल्या ॲलन मॅकडोनाल्ड यांनी उड्डाणाच्या शिफारसपत्रावर सही करण्यास नकार दिला होता, त्यामुळे ती सही कंपनीच्या मुख्य ठिकाणाहून करून पाठवावी लागली.

त्या रात्री प्रश्न उलटला होता, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. एरवी 'सुरक्षित आहे हे सिद्ध करा' असे विचारले जाते. त्या रात्री 'असुरक्षित आहे हे सिद्ध करा' असे विचारले गेले, आणि अपुऱ्या आकड्यांवर ते सिद्ध करणे शक्यच नव्हते. बैठकीत प्रश्न असा उलटला की तो तेथेच बोलून दाखवावा: 'धोका आहे हे सिद्ध करण्याइतकी माहिती माझ्याकडे नाही, पण धोका नाही हे सिद्ध करण्याइतकीही आपल्यापैकी कोणाकडे नाही.' हे वाक्य कार्यवृत्तात नोंदवून घ्यावे.

लेखी आक्षेपात चार गोष्टी असाव्यात: काय आढळले, त्यामुळे कोणाला काय होऊ शकते, काय करावे आणि कधीपर्यंत, आणि आपल्याला अजून काय माहीत नाही. नमुन्यादाखल (क्यूब म्हणजे चाचणीसाठी ओतलेले काँक्रीटचे ठोकळे, कोअर म्हणजे तयार काँक्रीटमधून कापून काढलेला नमुना):

'पंपगृहातील तुळई क्रमांक ४ च्या काँक्रीटची २८ दिवसांची ताकद २५ मेगापास्कल अपेक्षित होती. तीन क्यूबची सरासरी १९ आली आहे. टेकू काढल्यास खाली काम करणाऱ्यांना धोका संभवतो. कोअर काढून चाचणी होईपर्यंत आणि तिच्या निकालावरून तुळईची क्षमता पुन्हा मोजली जाईपर्यंत टेकू काढू नयेत. क्यूब नीट भरले व जपले गेले होते का, याची मला खात्री नाही. ती चौकशी शुक्रवारपर्यंत व्हावी. तोपर्यंत टेकू काढण्यास माझी संमती नाही.'

या मजकुरात कोणाच्या हेतूवर शिंतोडा नाही. 'ठेकेदाराने सिमेंट चोरले' असे वाक्य घातले असते, तर चर्चा काँक्रीटवरून चारित्र्यावर गेली असती. स्वतःला काय माहीत नाही हे लिहिल्याने आक्षेप दुबळा होईल अशी भीती अनेकांना वाटते. माझ्या मते तो त्यामुळे अधिक विश्वसनीय होतो, आणि पुढे आपण चुकीचे ठरलो तरी आपला शब्द हलका होत नाही.

आक्षेप कोणाकडे पोहोचला, हेही तितकेच महत्त्वाचे असते. क्वेबेकच्या पुलावर दाब पेलणारे पोलादी भाग वाकू लागल्याचे तेथील तपासणी अभियंत्याने पाहिले होते, आणि ते सांगण्यासाठी तो न्यूयॉर्कला, सल्लागार अभियंता थिओडोर कूपर यांच्याकडे गेला. कूपर यांनी पुलावर आणखी भार टाकू नये अशी तार केली. पण ती पोलाद बनवणाऱ्या कंपनीच्या कार्यालयाकडे गेली, पुलावर नाही. काम चालू राहिले आणि त्याच दिवशी संध्याकाळी पूल पडला. म्हणून काम प्रत्यक्ष थांबवू शकणाऱ्या माणसाशी आधी तोंडी बोलावे, लगेच लेखी पाठवावे, पोच घ्यावी, आणि ठरलेल्या वेळेनंतर काम खरोखर थांबले आहे का ते पाहावे. (कॅनडात १९२५ पासून नवे अभियंते एका समारंभात शपथ घेऊन काम करणाऱ्या हाताच्या करंगळीत लोखंडी अंगठी घालतात. ती याच पुलाच्या लोखंडाची असते अशी दंतकथा आहे. ती खरी नाही, पण तिला हाच पूल सुचावा यात नवल नाही.)

उत्तर मिळाले नाही तर एकेक पायरी वर जावे: थेट वरिष्ठ, त्यांचे वरिष्ठ किंवा तांत्रिक प्रमुख, संस्थेत असेल तर सुरक्षा किंवा नीतिविषयक विभाग, आणि मग ग्राहक व नियामक यंत्रणा. वर जाताना खालच्याला कळवावे. पाठीमागून गेल्यास मूळ मुद्द्यापेक्षा तोच वाद मोठा होतो. संस्थेबाहेर जाण्यापूर्वी चार गोष्टी पडताळाव्यात: संभाव्य हानी गंभीर आहे का, आतले मार्ग वापरून झाले आहेत का, दुसऱ्या जाणकाराला पटेल असा लेखी आधार आहे का, आणि आपल्याला कायद्याने कोणते संरक्षण आहे याचा सल्ला घेतला आहे का. मुद्द्याशी संबंध नसलेली कागदपत्रे सोबत नेऊ नयेत. धोका तासांवर आला असेल, तर हा सारा क्रम बाजूला ठेवून आधी माणसे हलवावीत.

याची किंमत मोजावी लागते, हे लपवण्यात अर्थ नाही. चॅलेंजरच्या सहा महिने आधी ओ-रिंगबद्दल लेखी इशारा देणारे थायोकॉलचे अभियंता रॉजर बॉइजोली यांना चौकशीत साक्ष दिल्यानंतर सहकाऱ्यांचा दुरावा सोसावा लागला आणि अखेर त्यांनी नोकरी सोडली. मॅकडोनाल्ड यांनाही आधी बाजूला सारण्यात आले. अमेरिकी काँग्रेसने लक्ष घातल्यावर त्यांच्याकडे सांध्याच्या नव्या रचनेची जबाबदारी आली.

सहावी पायरी: आपलीच चूक निघाली तर

न्यूयॉर्कमधील ५९ मजली सिटिकॉर्प इमारत १९७७ मध्ये पूर्ण झाली. १९७८ मध्ये तिचे संरचना अभियंता विल्यम लमेझ्युरिए यांच्या लक्षात आले की कोपऱ्यांवर तिरप्या येणाऱ्या वाऱ्यांचा परिणाम पुरेसा तपासलेला नव्हता, आणि वेल्डिंगच्या जोडण्यांऐवजी बोल्टच्या जोडण्या वापरल्याने त्या अपुऱ्या पडू शकत होत्या. त्यांनी ही गोष्ट मालकांना आणि विमा कंपनीला स्वतः सांगितली, आणि रात्रीच्या वेळी जोडण्यांवर पोलादी पट्ट्या वेल्ड करून त्या मजबूत करण्यात आल्या. परिसरातील लोकांना मात्र खरे कारण सांगितले गेले नाही. ते १९९५ मध्ये जगजाहीर झाले. हे उदाहरण आदर्श म्हणून दिले जाते. माझ्या मते ते अर्धे आदर्श आहे: मालकापुढे दिलेली कबुली अनुकरणीय, आणि ज्यांच्या जिवाचा प्रश्न होता त्यांना अंधारात ठेवणे आक्षेपार्ह.

आपली चूक लक्षात आल्यावर एका तटस्थ सहकाऱ्याकडून ती त्याच दिवशी तपासून घ्यावी, जेणेकरून घाबरून नसलेली चूक पाहिली जाणार नाही आणि असलेली टाळली जाणार नाही. मग वरिष्ठांना व ग्राहकाला कळवावे, आणि ते ड्रॉइंग आणखी कोठे वापरले आहे ते शोधावे. पुढच्या आवृत्तीत गुपचूप दुरुस्ती करणे हा सर्वांत मोठा मोह असतो. तो टाळावा, कारण जुनी प्रत कोणाच्या तरी हातात असतेच. आवृत्तीच्या रकान्यात 'चूक दुरुस्त' असे उघड लिहावे.

सातवी पायरी: हितसंबंध आधी उघड करा

मेहुण्याची कंपनी निविदा भरत असेल, तर आपण निःपक्षपाती राहू असा स्वतःवरचा विश्वास कामाचा नाही. संबंध निविदा उघडण्यापूर्वी लेखी कळवावा आणि मूल्यमापनातून बाहेर पडावे. भेटवस्तूबद्दल एक सोपी कसोटी आहे: ही वस्तू, देणाऱ्याच्या नावासह, इतर निविदाकारांना दिसेल अशा नोंदवहीत लिहायला आपण तयार आहोत का? नसू, तर ती परत करावी. याहून सूक्ष्म प्रकार म्हणजे तांत्रिक तपशीलच असा लिहिणे की एकाच कंपनीचे उत्पादन त्यात बसेल. येथे पैशाचा व्यवहार दिसत नाही, म्हणून तो बोचत नाही. तपशिलात ब्रँड लिहिण्याऐवजी हवी असलेली कामगिरी लिहावी. एकच उत्पादन खरोखर योग्य असेल, तर त्याचे तांत्रिक कारण फाइलमध्ये ठेवावे.

ग्राहकाची आणि जुन्या मालकाची गोपनीय माहिती नोकरी बदलली तरी गोपनीयच राहते. कौशल्य आपले असते, ड्रॉइंग नसतात. लोकांच्या जिवाला असलेला धोका मात्र गोपनीयतेच्या कराराआड लपवता येत नाही.

आठवी पायरी: प्रश्न विचारणाऱ्याला जागा द्या

सिटिकॉर्पच्या जोडण्यांकडे आपण पुन्हा पाहिले ते एका विद्यार्थ्याच्या प्रश्नामुळे, असे लमेझ्युरिए सांगत. ज्या कार्यालयात कनिष्ठाचा प्रश्न हसून उडवला जातो, तेथे असा प्रश्न दुसऱ्यांदा येत नाही. आढावा बैठकीत आधी कनिष्ठाला बोलू द्यावे, कारण प्रमुख बोलल्यानंतर कोणी वेगळे बोलत नाही. दुसऱ्या अभियंत्याच्या कामाचे परीक्षण करायचे झाल्यास, व्यावसायिक किंवा कायदेशीर अडचण नसेल तर त्याला कळवून करावे, आणि टीका कामापुरती ठेवावी.

या सर्व पायऱ्यांचा पुरावा शेवटी एका वहीत राहतो. पाने क्रमांकित असलेली बांधीव वही घ्यावी, रोजची तारीख घालावी, पान फाडू नये, आणि खोडताना एकच रेघ मारावी म्हणजे खालचे वाचता येईल. साइटवर काय पाहिले, कोणाला काय सांगितले, कोणी काय उत्तर दिले आणि कोणती शंका अजून मिटलेली नाही, हे तिच्यात लिहावे. अशी वही बहुधा संस्थेच्या मालकीची असते, त्यामुळे काम सोडताना ती सोबत नेऊ नये. तिच्यातून न मिटलेल्या शंकांची एक स्वतंत्र यादी काढावी, प्रत्येक शंकेपुढे संबंधित ड्रॉइंगचा क्रमांक लिहावा, आणि ती यादी आपल्या जागी येणाऱ्याच्या हातात देऊन तिच्यावर त्याची सही घ्यावी.